तिच्या दुखण्याची साक्ष

डोंगर पायी ओलांडत साक्ष द्यायची, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगत जायचं, ही कल्पना आमच्या पाळकांची. उपासना संपल्यावर त्यांनी ती मंडळीपुढे मांडली, तेव्हा नको म्हणणारी मी एकटीच होते. चंद्रपूरची मंडळी, वर्षातून एकदा सहलीला जाणारी, तिला डोंगराचं नाव ऐकूनच हुरूप आला. पाळक म्हणाले, "ताई, दिवा लावून कोणी टोपलीखाली ठेवत नाही." मी म्हणाले, "रानात उघडा दिवा घेऊन फिरलं की वणवाही लागतो." लोक हसले. पाळक हसले नाहीत.

मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. आमच्या घरात देव कधी मोठ्या आवाजात बोलला नाही. रविवारी उपासना, नाताळात अनारसे आणि करंज्या शेजारी वाटायच्या, कोणी विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर आपलं काम करायचं. पाळकांचं तसं नव्हतं. ते पश्चिम महाराष्ट्रातले, पस्तिशीच्या आतले, दारूत बुडालेले होते आणि त्यातून बाहेर आले होते. ज्याला बुडताना कोणीतरी केसाला धरून वर काढलं, तो काठावर गप्प बसू शकत नाही, असं ते म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच त्यांच्याशी भांडणं कठीण जायचं.

तरी मी गेले. मंडळीतल्या तरुण मुलांसोबत तीन मुलीही येणार होत्या आणि सोबत नर्स असावी असं त्यांच्या आयांचं म्हणणं पडलं. दुसरं कारण असं, की आम्हाला वाट दाखवणारा भाऊ माझ्या ओळखीचा होता. तो गडचिरोलीकडच्या त्या डोंगरापलीकडच्या गावचा, गोंड, आणि त्या गावात त्याचं एकच घर विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती. त्याची बायको काही महिन्यांपूर्वी आमच्या दवाखान्यात माझ्याच वॉर्डात होती. सातव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं होतं आणि अंगात रक्त उरलं नव्हतं. शेवटच्या दिवशी त्याच्याच अंगणात उपासना घ्यायची, असं ठरलं होतं. तिला बरी झालेली पाहायची मला इच्छा होती.

जानेवारीत आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या गावी बसमधून उतरलो. धानाची मळणी उरकलेली होती. धानाच्या मोकळ्या बांधीत लाखोळीच्या पिकाचा निळा फुलोरा होता. मुलांच्या जॅकेटवर पाठीला क्रूस छापलेला, एकाच्या गळ्यात गिटार. थांब्यावरच्या टपरीत आम्ही चहा मागितला. टपरीवाल्यानं आमच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाला, "दूध सरलं."

त्याच्या समोर पातेल्यात दूध उतू जायच्या बेतात होतं. त्यानं आमच्याकडे बघत बघतच गॅस बारीक केला.

"कोरा द्या मग," मी म्हणाले.

"चायपत्ती पन सरली."

बाकावर एक म्हातारी बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोनाच्या पोटात दुखून राह्यलं म्हनून आले तुमी एवढे लोक?"

पाळक पुढे झाले आणि नम्रपणे म्हणाले, "आजी, आम्ही चांगली बातमी सांगायला आलो."

"आमच्याकडं हाय बातम्या," म्हातारी म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

मुक्कामाला शाळेचा व्हरांडा मागितला तर मिळाला नाही. शेवटी एका शेतकऱ्यानं आपल्या खळ्यात झोपू दिलं. मळून टाकलेलं धानाचं तणस तिथे पसरलेलं होतं. त्याची एकच अट होती. "झोपा. पन गाने नोको. गावात मले राहाचं आहे." वर जाणार म्हटल्यावर तो म्हणाला, "वाघ आहे तिकडं." त्याच्या बोलण्यात सावध करणं नव्हतं. वाघाला आमची वर्दी द्यावी, तसं तो म्हणाला.

सकाळी पाळकांनी मुलांना उठवलं आणि प्रार्थना सुरू केली. प्रार्थनेतून गीत निघालं. मी म्हणाले, "आपण शब्द दिला होता." ते डोळे मिटून म्हणाले, "हे गाणं नाही, स्तुती आहे." दुसरं कडवं संपायच्या आत तो शेतकरी आला. त्यानं आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. तो वाकला आणि आमच्या अंथरुणाखालचं तणस ओढून काढू लागला. एक मुलगी अजून पांघरुणातच होती, तिच्याखालचंही त्यानं ओढलं. ती धडपडत उठली. सगळं तणस एका कोपऱ्यात गोळा करून तो त्याच्यापुढे हाताची घडी घालून उभा राहिला. आम्ही उघड्या भुईवर उभे राहून पिशव्या भरल्या.

वाटेत मी पाळकांना म्हणाले, "त्या माणसाचं चुकलं नाही."

"प्रभूलाही कोणी जागा दिली नव्हती, ताई."

"आपल्याला दिली होती. आपण घालवली."

त्यानंतर चढ लागेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

चढ दमवणारा होता. बांबूची बेटं, ऐन, सागाची मोठाली वाळकी पानं, पायाखाली नुसता चुरचुराट. वाटाड्या भाऊ पुढे चालायचा आणि मध्येच थांबून कान द्यायचा, अस्वलाच्या भीतीनं. थांबा घेतला की पाळक एकेकाला साक्ष द्यायला सांगत. एका मुलीनं परीक्षेची भीती कशी गेली ते सांगितलं. पाळकांनी स्वतःची सांगितली. मी ती अनेकदा ऐकली होती, तरी त्या चढावर, धापा टाकत, ती खरी वाटली. एका मुलाच्या टाचेला फोड आला, तेव्हा त्याचं ओझं त्यांनी आपल्या पाठीवर घेतलं आणि शेवटपर्यंत उतरवलं नाही. हे सांगितलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल.

माथ्यावर एक मोकळी जागा होती. मोहाचं जुनं झाड, त्याच्या बुडाशी उभे केलेले दगड, शेंदूर नाही, फार काही नाही, फांदीला एक जुनी लोखंडी साखळी आणि घुंगरं. वाटाड्या भाऊ लांबच थांबला. त्यानं चपला काढल्या. मग आपण काय केलं ते लक्षात आल्यासारखं त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि परत घातल्या.

"इथी नोको थांबू," तो म्हणाला. "पुढं नाल्यावर पानी आहे."

पाळकांनी दगडांकडे पाहिलं. "भाऊ, तुझी साक्ष इथेच व्हायला हवी."

"इथी नोको."

"ज्याची भीती वाटते, त्याच्यासमोरच उभं राहायचं असतं. प्रभू तुझ्यासोबत आहे ना?"

तो काही वेळ उभा राहिला. मग आला. पाळकांनी मोबाइल धरला आणि भाऊ बोलू लागला. सुरुवातीला अडखळत, मग घाईघाईनं. बायकोचं मूल पोटातच गेलं. ती पोरासाठी शिवलेलं झबलं उराशी धरून बसायची. अंगावरचं कापड सावरायचं भान नव्हतं. आपल्याशीच बोलायची, त्याला पाजायचं आहे म्हणायची. गाव म्हणालं, हिला बाहेरचं लागलं. पुजाऱ्यानं कोंबडं कापलं, बकरं कापलं, काही झालं नाही. दवाखान्यात नेली तर डॉक्टरांनी हात टेकले. मग मंडळीनं प्रार्थना केली आणि ती उठून बसली.

मला राहवलं नाही. "भाऊ, हात कुठे टेकले? रक्त चढवलं ना तिला. तुमच्याच गावची पोरं घेऊन तुम्ही आला होता रक्त द्यायला. मीच लावल्या होत्या बाटल्या."

पाळकांनी मोबाइल खाली न घेता मला म्हटलं, "ताई, साक्ष चालू असताना मध्ये बोलू नये." मग त्याला विचारलं, "आणि तुमच्या घरात शिरलेला तो सैतान, तो कोण होता? हाच का?" त्यांचा हात दगडांकडे होता.

भाऊ दगडांकडे पाहत राहिला.

"हाव," तो म्हणाला. "हाच."

"आमेन," मुलं म्हणाली.

मी उठून नाल्याच्या वाटेला लागले. मागून सगळ्यांचे मोबाइल टिंगटिंग वाजायला लागले, कारण कालपासून पहिल्यांदाच, माथ्यावर, रेंज मिळाली होती. वळून पाहिलं तर पाळक हात उंच धरून कड्याच्या टोकाशी उभे होते. घरी फोन लावत असतील असं मला वाटलं. ते तो व्हिडिओ नेटवर चढवत होते.

तो मुक्काम नाल्याकाठी झाला. थंडीनं कोणाला धड झोप लागली नाही. सकाळी पलीकडचा उतार लागला आणि दुपारच्या आधी गावची शीव आली. वाटेवर आडवा बांबू बांधलेला होता. पलीकडे बरीच माणसं बसली होती, काही म्हातारी, काही तरणी. आमची वाट बघत बसल्यासारखी. वाटाड्या भाऊ त्यांना पाहून जागीच थबकला.

"जोहार," तो म्हणाला.

कोणी जोहार घेतला नाही.

पांढऱ्या केसांचा एक माणूस उठला. तोच गावचा पुजारी, हे मला त्याच्या बोलण्यावरून कळलं. तो भाऊला गोंडीत काही म्हणाला. मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत बोलला.

"आमच्या देवाले सैतान कोनं म्हनलं?"

भाऊ खाली पाहू लागला. एका पोरानं मोबाइल पुढे केला. त्यात आमचा वाटाड्या बोलत होता, त्याच्यामागे मोहाचं झाड, झाडाखाली बूट घातलेली आमची मुलं. माझाही आवाज होता, अर्धवट कापलेला.

पाळक पुढे झाले. ते घाबरले नाहीत, हे मी मान्य करते. "काका, आम्ही कोणाशी भांडायला आलो नाही. आपला विश्वास सांगण्याचा हक्क कायद्यानं प्रत्येकाला दिला आहे."

"कायदा आमाले पन माहीत आहे," पुजारी म्हणाला. "ग्रामसभेले विचारलं काय? डोंगरावर कोनाले विचारून गेले? आमी तुमच्या चर्चमंदी चपला घालून येऊन, तुमच्या देवाले शिव्या देऊन, त्याचं शुटिंग काढलं काय कधी?"

"आम्ही शिव्या दिल्या नाहीत."

"मंग सैतान म्हंजे काय होते तुमच्यात? पाव्हना?"

मागून कोणी हसलं नाही. एक उंच पोरगा बांबू ओलांडून आमच्या बाजूला आला. मी त्याला ओळखलं. रक्तपेढीत सुई पाहून त्याला घेरी आली होती आणि मी त्याला साखरपाणी दिलं होतं. त्यानं मला ओळख दाखवली नाही. तो वाटाड्या भाऊच्या छातीशी जाऊन उभा राहिला.

"माझं रक्त आहे तिच्यात," तो म्हणाला. "तुह्या बायकोच्या अंगात. मी याच देवाचा आहो. आता मले म्हन सैतान. म्हन ना. मोबाइल काढ आन म्हन."

त्यानं भाऊला ढकललं. भाऊ पडला नाही, पण मागच्या मुलावर आदळला आणि गिटार दगडावर आपटून तिची मान मोडली. मुली रडायला लागल्या. मी त्यांना माझ्यामागे घेतलं. आता मार पडणार, असं मला वाटलं, आणि पहिला राग मला त्या गावाचा आला. आम्ही पिशव्यांत त्यांच्या लेकरांसाठी स्वेटर आणले होते, मी गोळ्या-औषधं आणली होती, आणि हे बांबू बांधून बसले होते.

तेवढ्यात माणसं बाजूला सरली आणि ती आली. वाटाड्या भाऊची बायको. अंगानं भरली होती, पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. सारवण टाकून तशीच आली होती. मला आधी आनंद झाला. वॉर्डातल्या त्या पिवळ्या पडलेल्या बाईची मला आठवणही येऊ नये, इतकी ती बरी दिसत होती.

पाळकांनाही आनंद झाला. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही पाहा आमची बहीण! ताई, तूच सांग यांना, प्रभूनं तुझ्यासाठी काय केलं."

ती त्यांच्याकडे गेलीच नाही. ती नवऱ्यापुढे उभी राहिली.

"झबल्याचं सांगतलं तुनं?"

त्यानं पाठीवरची पिशवी सावरली.

"माझं लुगडं सुटलं होतं, हे पन सांगतलं. पोरं पाहून राह्यले मोबाइलवर. माझी सासू पाहून राह्यली. ते माझं होतं ना? माझं दुखनं, माझं पोरगं. तुनं डोंगरावर नेऊन काऊन वाटलं?"

"देवाच्या महिम्यासाठी, ताई," पाळक म्हणाले.

ती आता वळली. "तुमी कोन? मी तुमाले वळखत नाई. वॉर्डात या बाई होत्या, तुमी नव्हते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी पन?"

"मी त्यांना सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी मध्ये बोलले सुद्धा…"

"मंग याइच्यासंग काऊन आले?"

तुला पाहायला आले, हे खरं उत्तर होतं. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. त्या जागी ते भिकेसारखं वाटलं असतं.

उंच पोरगा म्हणाला, "वैनी, तू घरी जाय. आमी पाहून घेतो याइले."

"तू काय पाहाशीन?" ती त्याच्यावरही तशीच उसळली. "रक्त दिलं म्हनून मले विकत घेतलं काय? गावभर सांगत फिरते, माझं रक्त, माझं रक्त. हा तिकडं सांगते, तू इकडं सांगतं. मी प्रार्थना करते. माझ्या घरात करते. उद्या पन करीन. तुमच्यासाठी नाई, आन याइच्यासाठी तं बिलकुल नाई." तिचा शेणाचा हात आमच्याकडे होता. "तुमी जाता निंगून. बस धरता, जाता. हापशीवर मले उभं राहा लागते."

तिनं हात खाली घेतला. मग ती नवऱ्याला म्हणाली, "घरी येशीन तं ये. नाई तं याइच्यासंग जाय. आत्ताच सांग."

त्यानं आमच्याकडे पाहिलं. पाळक म्हणाले, "भाऊ, नांगराला हात घालून मागे पाहू नको." भाऊनं पाठीवरची आमची पिशवी काढून जमिनीवर ठेवली, चपला काढल्या, हातात घेतल्या आणि बांबूखालून वाकून पलीकडे गेला. पुजाऱ्यानं त्याला वाट दिली. ती त्याच्यामागून गेली. तिनं वळून पाहिलं नाही.

पाळकांना तिथेच गुडघे टेकून प्रार्थना करायची होती. "आज नाही तर केव्हा?" ते म्हणाले. मी त्यांचा दंड धरला. तोवर मी त्यांच्याशी जे बोलले होते ते ताई म्हणून, मंडळीतली बाई म्हणून. आता मी ओरडले. "तुम्ही गुडघे टेकाल आणि मार त्या घराला पडेल. मी मुलींना घेऊन निघाले. यायचं तर या, नाही तर बसा तुमच्या महिम्यात." तीन मुली आणि दोन मुलं माझ्यासोबत निघाली. बाकीचे पाळकांपाशी थांबले. थोड्या वेळानं तेही आमच्या मागून आले, पण डांबरी रस्त्यापर्यंत आमच्यात हाकेचं अंतर राहिलं. स्वेटरांची पिशवी मी शिवेवर ठेवून आले होते. एक पोरगा धावत आला, ती माझ्या पायाशी टाकून न बोलता परत गेला.

चंद्रपूरला आल्यावर मी पाळकांना तो व्हिडिओ काढून टाकायला सांगितला. ते म्हणाले, किती लोकांना त्यातून बळ मिळतं आहे, ते पाहा. मी म्हणाले, तिनं नाही म्हटलं आहे. ते म्हणाले, साक्ष प्रभूची असते, माणसाची नाही. हे भांडण चर्चच्या आवारात, रविवारी, सगळ्यांदेखत झालं. मंडळीतल्या बायका त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. माझ्या शेजारी वर्षानुवर्षं बसणारी एक बाई म्हणाली, "तुझा विश्वासच कमी पडतो आहे." मी त्या दिवशी प्रभुभोजनाच्या विधीला थांबले नाही. पुढे त्या चर्चला गेलेही नाही. आता मी गावातल्या जुन्या देवळात जाते; आमची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. तिथे थोडी म्हातारी माणसं असतात आणि पेटी वाजवणाऱ्याला नीट दिसत नाही.

वाटाड्या भाऊला ग्रामसभेपुढे उभं केलं, हे मला त्याच्याचकडून फोनवर कळलं. तो माथ्यावर जाऊन दगडांपुढे माफी मागून आला. प्रार्थना घरात करायची, गावाबाहेरचे लोक आणायचे नाहीत, एवढ्यावर मिटलं. त्याची बायको काही दिवस हापशीवर सगळ्यांच्या शेवटी पाणी भरायची, मग तेही सुटलं. व्हिडिओ काढून टाकायला त्यानं स्वतः फोन करून सांगितलं, तेव्हा पाळकांनी तो काढून टाकला. त्यांना वाईट वाटलं, असं तो म्हणाला. मी म्हणाले, तिला सांगा, मी विचारलं म्हणून. तो म्हणाला, "बाई, ती म्हनते, फोन नोका करू."

उन्हाळ्यात ती सासूला घेऊन दवाखान्यात आली. मी ओपीडीत बीपी तपासत होते. माझ्यापुढची रांग लहान होती, दुसऱ्या टेबलापुढची मोठी. तिनं मला पाहिलं आणि सासूला घेऊन मोठ्या रांगेत उभी राहिली. म्हातारीला उभं राहवत नव्हतं, ती भिंतीला टेकून खाली बसली. मी स्टूल उचलून नेऊन तिच्याजवळ ठेवलं. सून दुसरीकडे पाहत होती. म्हातारी स्टूलावर बसली.

डॉक्टरांना दाखवून झाल्यावर ती कागद हातात घेऊन व्हरांड्यात इकडेतिकडे पाहत होती. दुसरं कोणी नव्हतं म्हणून माझ्याकडे आली.

"औषधाची खिडकी कुठी आहे?"

मी हात करून दाखवलं. ती गेली. मी पुढच्या पेशंटच्या दंडाला पट्टा गुंडाळला.